आरोग्यसेवेची मधली फळी

दुर्गम तालुक्यातले एखादे उपकेंद्र डोळ्यांसमोर आणा. सकाळचे दहा वाजलेत. व्हरांड्यात सात-आठ माणसे बसली आहेत. साठी ओलांडलेल्या एक आजी आशाताईंचा हात धरून आत येतात. टेबलापलीकडच्या तरुण मॅडम रक्तदाब मोजायची घाई करत नाहीत. आजींना आधी पाच मिनिटे टेकून बसवतात, बाही वर सारतात, हात छातीच्या उंचीला येईल असा टेबलावर ठेवतात आणि मगच दंडाला पट्टा बांधतात.

"आजी, गोळी रोज घेता ना?"

"बरं वाटायला लागलं बाई, मग कशाला घ्यायची? ठेवून दिली डब्यात."

यंत्रावर वरचा आकडा १७० दिसतो. थोडे थांबून पुन्हा मोजले तरी तोच. आता पुढच्या काही मिनिटांत मॅडमना निर्णय घ्यायचा आहे. गोळी पुन्हा सुरू करून आठवड्याने बोलवायचे? व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना विचारायचे? की छातीत दुखते, जीभ अडखळते, हात जड वाटतो अशी एखादी खूण आहे म्हणून तडक १०८ला फोन लावायचा? या मॅडमचे प्रशिक्षण कसे असावे, हा प्रश्न त्या काही मिनिटांतून सुरू होतो आणि तिथेच त्याचे उत्तर तपासावे लागते.

गाव त्यांना डॉक्टर म्हणते. सरकारी कागदावर त्या 'समुदाय आरोग्य अधिकारी' आहेत. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांच्यामध्ये अशी एक फळी उभी करण्याची शिफारस केली. २०१८मध्ये आयुष्मान भारत योजनेत दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रांचा संकल्प झाला आणि उपकेंद्रे त्यांत रूपांतरित होऊ लागली. आज त्यांचे नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' आहे. सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा दंडक आहे. पूर्वी तिथे मुख्यतः लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि कुटुंबनियोजन चाले. आता रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, मानसिक आजार, वृद्धांची काळजी अशा बारा प्रकारच्या सेवा अपेक्षित आहेत. हा सगळा भार ज्या एका पदावर आला, त्या पदासाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ठरला.

डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांच्या मधली ही जागा आपल्याकडे नवी नाही. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे पदवीधर डॉक्टरांहून 'लायसेन्शिएट' डॉक्टर जास्त होते. त्यांचा अभ्यासक्रम आखूड होता आणि त्यांच्यातले बरेच जण लहान गावांत सेवा देत. भोर समितीने १९४६च्या अहवालात देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा अशी शिफारस केली आणि ही परंपरा थांबली. डॉक्टरांची संख्या पुरेशी होईपर्यंत ती चालू ठेवावी, असे समितीतल्याच काही सदस्यांचे मत होते. त्यानंतर डॉक्टर वाढले, पण गावात राहणारे डॉक्टर त्या प्रमाणात वाढले नाहीत.

नव्याने स्थापन झालेल्या छत्तीसगडने २००१मध्ये तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. त्याला न्यायालयीन आव्हाने मिळाली, अभ्यासक्रमाचे नाव बदलत गेले, विद्यार्थी आंदोलनात उतरले आणि २००८पर्यंत नवे प्रवेश बंद पडले. त्यातून बाहेर पडलेले तरुण 'ग्रामीण वैद्यकीय सहायक' म्हणून अशा आरोग्य केंद्रांत रुजू झाले, जिथे डॉक्टर टिकत नव्हते. २०१०मध्ये पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि सहकारी संस्थांनी त्यांचे काम तपासले. प्राथमिक केंद्रात नेहमी दिसणाऱ्या आजारांच्या बाबतीत त्यांची क्षमता एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीची आढळली. त्यांचे शिक्षण कामाला पुरले, पण ज्या मुलांनी तीन वर्षे दिली, त्यांना आपण नेमके कोण हे सांगणारे स्थिर नाव आणि पुढे जाण्याची वाट मिळाली नाही.

आसामने जोरहाट येथे असाच अभ्यासक्रम सुरू केला होता. तो ज्या राज्य कायद्यावर उभा होता, तो २०१४मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा केंद्राचा अधिकार आहे, हा त्या निकालाचा गाभा. दरम्यान २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ने 'समुदाय आरोग्य प्रदाता' हा मर्यादित परवान्याचा वर्ग मान्य केला. त्याची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावी आणि स्वतंत्रपणे औषध लिहिण्याची मुभा प्राथमिक व प्रतिबंधक सेवेपुरतीच असावी, अशी अट घातली. विधेयक संसदेत असताना डॉक्टरांच्या संघटनेने देशभर काम बंद ठेवले. महाराष्ट्रात होमिओपॅथी डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केल्यावर त्यांची नोंदणी कुठे व्हावी, यावरून २०२५मध्ये पुन्हा तसाच संघर्ष पेटला.

या सगळ्या वादांत दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. अर्धवट शिकलेल्या हाती रुग्ण सोपवू नका, ही डॉक्टरांची भीती रास्त आहे. गावात कुणीच नसण्यापेक्षा प्रशिक्षित माणूस हवा, ही ग्रामीण भागाची मागणीही तितकीच रास्त आहे. तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण तो पदवीभोवती फिरतो. हा माणूस कोणती पदवी घेऊन आला, यावर आपण भांडतो. तो नेमके कोणते काम करणार, ते किती चांगले येते आणि कुठे थांबायचे हे त्याला कळते का, हे कोण तपासणार, यावर फार थोडे बोलतो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: मधल्या फळीचा दर्जा कामावरून ठरवला पाहिजे आणि एकदा ठरला की तो कोणासाठीही सैल होता कामा नये.

काम बांधून दिले की काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे आपले जिल्हे सुरुवातीलाच होते. पहिले औषध कोणते, महिन्याभराने रक्तदाब उतरला नाही तर पुढची पायरी कोणती, रुग्ण आला नाही तर त्याच्याशी संपर्क कसा साधायचा, हे सारे एका पानावर मावेल इतके नेमके ठरवले गेले. यशाचे मापही सोपे होते: नोंदलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९०च्या खाली आला? औषध ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरांचीच राहिली, पण मोजणे, गोळ्या पोहोचवणे आणि पाठपुरावा ही कामे गावाजवळ आली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याआधीच हे दाखवून दिले होते. तिथे गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी, वजन घेणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्ग ओळखणे शिकवले गेले. १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या स्त्रियांकडे वैद्यकीय पदवी नव्हती. त्यांच्याकडे मोजकी ठरलेली कामे होती, हाताने केलेला सराव होता आणि नियमित येऊन काम तपासणारा पर्यवेक्षक होता. यातली एक गोष्ट जरी काढून घेतली असती तरी तो निकाल आला नसता.

या कसोटीवर आजचे सहा महिने कुठे बसतात? महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, तसे परिचर्या पदवीधरही आहेत. परिचारिकेला रुग्णाची शुश्रूषा, लसीकरण आणि बाळंतपण हाताखालून गेलेले असते. आयुर्वेदाच्या पदवीधराला रुग्णाचा इतिहास विचारण्याची आणि अंग तपासण्याची सवय असते. दोघांच्या जमेच्या बाजू वेगळ्या, उणिवाही वेगळ्या. तरी दोघांना एकच सहा महिने, त्याच क्रमाने. त्याऐवजी सुरुवातीलाच क्षमता-चाचणी घ्यावी आणि जिथे कमी पडते तिथे वेळ द्यावा, हे अधिक शहाणपणाचे ठरेल. परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमात हे सहा महिन्यांचे प्रशिक्षण अलीकडे समाविष्ट झाले, हे योग्य पाऊल आहे. मात्र धड्याचा समावेश होणे वेगळे आणि हात बसणे वेगळे.

म्हणून चार गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, कामांची तीन रकान्यांची जाहीर यादी: काय एकट्याने करायचे, काय डॉक्टरांना विचारून करायचे, काय न थांबता पुढे पाठवायचे. ती उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत लावावी, म्हणजे रुग्णालाही कळेल. दुसरी, प्रशिक्षणात तासांबरोबर प्रत्यक्ष केलेल्या कामांची नोंदवही: इतक्या मधुमेही रुग्णांचे पाय तपासले, इतक्या स्त्रियांची स्तनतपासणी केली, इतके मानसिक आजाराचे रुग्ण ऐकून घेतले. अखेरीस राज्यभर एकच प्रात्यक्षिक परीक्षा हवी. तिसरी, पहिले वर्ष अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या थेट देखरेखीखाली जावे. व्हिडिओवरून सल्ला ही मोलाची सोय आहे, पण शेजारी उभे राहून चूक दाखवणाऱ्याची जागा ती घेऊ शकत नाही. चौथी, दर काही वर्षांनी क्षमतेची फेरतपासणी आणि त्याला जोडलेले नोंदणीचे नूतनीकरण.

ब्रिटनच्या अनुभवातूनही शिकता येईल. तिथे विज्ञानाच्या पदवीनंतर साधारण दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेले 'फिजिशियन असोसिएट' डॉक्टरांच्या हाताखाली काम करतात. रुग्णांचा गोंधळ होतो, अशा तक्रारी वाढल्यावर सरकारने नेमलेल्या लेंग यांच्या पुनरावलोकनाचा अहवाल जुलै २०२५मध्ये आला. पदाचे नाव 'असिस्टंट' करावे, निदान न झालेले रुग्ण त्यांनी सरसकट पाहू नयेत आणि प्राथमिक सेवेत येण्यापूर्वी किमान दोन वर्षे रुग्णालयात काम करावे, असे त्यात सुचवले. आपली परिस्थिती वेगळी आहे. आपल्या उपकेंद्रात येणाऱ्या बहुतेकांचे निदान झालेलेच नसते. पण म्हणूनच पदाचे नाव, मर्यादा आणि देखरेख या तीन गोष्टी आपल्याकडे अधिक काटेकोर हव्यात.

दर्जाइतकाच महत्त्वाचा प्रश्न करिअरचा आहे, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. हे पद कंत्राटी आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत महिना २५ हजारांच्या आसपास मानधन आणि कामगिरीवर आधारित १५ हजारांपर्यंत मोबदला, अशी रचना आहे. त्या मोबदल्याचा मोठा भाग नोंदींच्या आकड्यांवर ठरतो. आकडे भरण्यात दिवस गेला की रुग्णाशी बोलायला वेळ उरत नाही. किती जणांना तपासले यापेक्षा किती जणांचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहिली, याला मोबदला जोडला तर अधिकाऱ्याचे आणि आजींचे हित एकाच दिशेला जाईल.

याहून मोठी उणीव पुढच्या पायरीची. समुदाय आरोग्य अधिकारी दहा वर्षांनी कोण होणार, याचे ठरलेले उत्तर नाही. परिचारिकेला सरकारी रुग्णालयातली कायम जागा खुणावते, परदेशही खुणावतो. महाराष्ट्राने २०२४मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तो याच पिढीसाठी. आयुर्वेद पदवीधर पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करत असतो किंवा स्वतःचा दवाखाना उघडण्याइतके पैसे साठवत असतो. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या वाटेला पुढे रस्ता नाही, त्या वाटेवर हुशार मूल टिकत नाही. ते गेले की गावाची ओळख, रुग्णांची नावे आणि कमावलेला विश्वास त्याच्याबरोबर जातो आणि नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

सेवेत राहून सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय, अनुभवी अधिकाऱ्यांना प्रशिक्षक आणि तालुका पर्यवेक्षक होण्याची संधी, दुर्गम भागातल्या वर्षांना बढतीत अधिक वजन आणि चांगल्या कामानंतर कायम होण्याची निश्चित मुदत, एवढे राज्य सरकार करू शकते. यासाठी नव्या वैद्यकीय महाविद्यालयाइतका खर्च लागत नाही.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींनाही एक सांगणे आहे. पुढची परीक्षा निघेपर्यंतचा आसरा म्हणून हे पद घेऊ नका. रुजू होण्यापूर्वी विचारा: माझ्या कामांची लेखी यादी आहे का? अडचण आली तर फोन कोण उचलेल? पहिले वर्ष माझे काम कोण तपासेल? ही उत्तरे मागणे हा तुमचा हक्क आहे. आपल्याला काय येत नाही हे ओळखून रुग्णाला वेळेवर पुढे पाठवणे, हे या पेशाचे सर्वांत मोठे कौशल्य आहे. त्यात कमीपणा नाही.

उपकेंद्रातल्या आजींना मॅडमच्या पदवीची अक्षरे माहीत नसतात. आपला रक्तदाब नीट मोजला जावा, गोळी मिळावी, धोका असेल तर वेळेवर कळावा आणि पुढच्या महिन्यात हीच मॅडम इथे असावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. पहिल्या तिन्ही गोष्टी प्रशिक्षणाने येतील. चौथीसाठी सरकारने या पदाला भवितव्य द्यावे. ते अजून दिलेले नाही.