राजमार्गाचे मौन

रोमहून दक्षिणेकडे जाणारा व्हिया आप्पिया हा प्राचीन रस्ता २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. स्टेशियस या लॅटिन कवीने त्याला दिलेले ‘रस्त्यांची राणी’ हे बिरुदही नोंदीच्या नावात आले आहे. एका कवीची प्रतिमा एवढी टिकावी, याचा आपल्यासारख्या वाचकांना आनंद होणे साहजिक आहे. परंतु ती प्रतिमा काय झाकते, हेही तपासावयास हवे.

इ.स.पूर्व ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियस या सेन्सॉरने रोम ते कापुआ असा हा मार्ग सुरू केला. सॅम्नाइटांशी युद्ध चालू होते आणि सैन्य वेगाने हलविणे हा मुख्य हेतू होता. पुढे तो ब्रिंडिसी बंदरापर्यंत गेला. रोमबाहेर त्याची काळ्या बसाल्टची फरसबंदी आणि दुतर्फा असलेल्या समाधींचे अवशेष आजही दिसतात.

इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर क्रॅससने कापुआ ते रोम या वाटेवर सहा हजार बंदिवान गुलामांना क्रुसावर चढविले, असे इतिहासकार आप्पियन सांगतो. त्यांची खूण तेथे नाही. भव्य गोल समाधी उभी आहे ती सेसिलिया मेटेलाची. आणि ती याच क्रॅससची सून असावी, असे मानले जाते.

सुमारे साडेतीन दशकांनी होरेस याच वाटेने कापुआवरून पुढे गेला. त्या प्रवासावरील त्याच्या कवितेत डास आहेत, बेडूक आहेत, वाईट पाणी आहे. क्रूस मात्र नाहीत. होरेस हा मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा. आपले हे कूळ त्याने अन्यत्र उघडपणे सांगितले आहे. म्हणून त्याच्या मौनाला भित्रेपणा म्हणता येणार नाही. कवितेचा विनोदी घाट हे त्याचे एक कारण असेल. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की रोजच्या रहदारीने तो रस्ता तोवर पुन्हा नेहमीचा झाला होता.

वारसा जपण्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो केवळ राणीच्या थाटाचे वर्णन करण्याला. वर्गात स्टेशियस शिकवावा, होरेसही शिकवावा. पण त्यांच्या शेजारी आप्पियनचे ते वाक्य ठेवावे. संहितेत काय लिहिले आहे याबरोबरच काय वगळले आहे, हे वाचण्याची सवय विद्यार्थ्याला लागते ती अशा शेजारामुळेच.