कंबर दुखते, पिशवी कशाला काढता?

‘वाकू नका, ओझं उचलू नका, महिनाभर विश्रांती घ्या.’ कंबर धरून आलेल्या ऊसतोड बाईला हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी ऊसतोड पाहिली आहे का? ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त. म्हणजे हे वाकणं कारखान्याच्या उताऱ्यासाठी आहे. त्यानंतर वाढं छाटायचं, मोळी बांधायची आणि चाळीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या हजारो बायका दिवाळीच्या सुमारास निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हेच करतात. पाणी, सरपण, भाकऱ्या, पोरं वेगळंच. एक दिवस पडून राहिलं तर मुकादम खाडा धरतो आणि दंड उचलीवर चढतो. अशा बाईला विश्रांती लिहून देणं ही थट्टा आहे.

थट्टा एवढ्यावरच थांबत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेले आकडे आठवा : पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. पोट दुखतं, अंगावरून जातं, कंबर दुखते, आणि सगळ्यावर उत्तर एकच, पिशवी काढा. स्नायूंच्या, मणक्यांच्या ताणानं दुखणारी कंबर पिशवी काढून कशी थांबेल? सोबत बीजकोशही गेले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणजे दुखणं वाढवण्यासाठी बाईनं कर्ज काढायचं!

संघटनांच्या आरोग्य शिबिरांतले तक्तेही पाहा. पाळी, बाळंतपण, रक्तक्षय. खांदा, मान, गुडघा कुठे आहेत? बाई म्हणजे गर्भाशय, हे डॉक्टरांचंच गणित तिथेही चालतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना दिल्या. दुखण्याची नीट माहिती आणि व्यायाम यांवर त्यात भर आहे. कंबरपट्टे, ट्रॅक्शन, अफूजन्य वेदनाशामकं सरसकट नकोत, असं बजावलं आहे. यावर बायका हसतात : दिवसभर व्यायामच तर करतो! तो व्यायाम नव्हे, एकाच सांध्याची झीज आहे. पाठीचे-पोटाचे स्नायू हळूहळू बळकट करणं वेगळं, आणि ते फडावरच्या कोपीतही शिकवता येतं. शेकानं तात्पुरतं बरं वाटतं. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड बिघडू शकतात. पाय लुळा पडू लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा, खाडा पडो न पडो.

पण व्यायाम शिकवून मोळी हलकी होत नाही. हमालांच्या पाठीसाठी १९६९ चा माथाडी कायदा आला, पोत्याचं वजन कमी करायला ते लढले. मोळीचं वजन कोण ठरवतं? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. दर टनावर, त्यामुळे पाठ मोडून जास्त उचलण्याचीच घाई. त्यातही नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब नवऱ्याच्या नावावर. तिची पाठ कोणत्याच वहीत नाही.

पुढच्या कराराच्या बैठकीत आपल्या मागण्या अशा असाव्यात : मोळीच्या वजनाला मर्यादा, आजारपणाच्या खाड्याला दंड नाही, बाईच्या मजुरीची नोंद तिच्या नावावर, आणि फडावर पाठ-खांदे तपासणारी व्यक्ती. त्या बैठकीत किती बायका बसणार, हेही आताच विचारायला हवं.