यंदा कलम, पुढच्या साली संत्री?

ऑक्टोबर 2025. सिंगापूरने आपल्याला मडगावात 2-1 हरवलं आणि 2027 च्या आशिया कपचं दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच सवाल : एवढ्या कोटींच्या देशात अकरा पोरं सापडत नाहीत?

बॉस, हिशोबच चुकतोय. 2026 च्या वर्ल्ड कपला पात्र ठरलेल्या क्युरासाओची लोकसंख्या जेमतेम दीड लाख. आमचं अमरावती शहर त्याच्या चौपट! पण क्युरासाओची बहुतेक पोरं नेदरलँड्समधल्या क्लबांत लहानपणापासून घडलेली. डोकी मोजून टीम होत नाही.

आणि आपण? जून 2024 ते ऑगस्ट 2025 मध्ये तीन कोच. स्टिमॅच गेले, मार्केझ आले नि गेले, मग खालिद जमील. वर लीगही हक्कांच्या वादात लटकली. 1951 आणि 1962 च्या एशियाडमध्ये सोनं जिंकणारा देश हाच बरं का!

दिवाळीत मोर्शीला काकांपुढे हेच रडगाणं गायलो. ते बागेतून म्हणाले, "काऊन रे, यंदा कलम लावलं अन् पुढच्याच साली संत्री मांगतं का?"

खरंय. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधल्यावर फळाला चार-पाच वर्षं लागतात. तोवर रोज निगा.

बांधावर दहा वर्षांचा पुतण्या दोन विटांमध्ये गोल मारत होता. पाय भन्नाट, शिकवणारं कुणी नाही. निघताना त्याला चांगला फुटबॉल घेऊन दिला.

कोच मात्र दुकानात मिळाला नाही.