‘तो काही करत नाही’ हे कुणी ठरवायचं?

बीड जिल्हा आणि कुत्रे म्हटलं की बाहेरच्या लोकांना एकच बातमी आठवते. डिसेंबर २०२१, माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, गच्च्यांवर नेत होती आणि पिल्लं वरून पडून मरत होती. अडीचशे पिल्लांचा आकडा मोबाइलवर फिरला, ‘गँगवॉर’ असं नाव पडलं, परदेशी वर्तमानपत्रांनीही ते छापलं. वनविभागाने दोन वानरं पकडली आणि जग हसून पुढे गेलं.

पिल्लं मेली तेव्हा आमचा जिल्हा जगाच्या बातमीत आला. पण कुत्र्याच्या भीतीने माणसं मैदान सोडून घरी बसतात, त्याची बातमी कधीच होत नाही. मला त्याबद्दल बोलायचंय, आणि जरा स्पष्टच बोलायचंय.

आधी विषय नीट मांडते. मी इथे प्रामुख्याने मोकाट कुत्र्यांबद्दल बोलत नाहीये. ज्या कुत्र्याला घर आहे, नाव आहे, मालक आहे, त्याच्याबद्दल बोलतेय. गेल्या काही वर्षांत आपल्या तालुक्यांच्या गावांतसुद्धा जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर, पिटबुल पाळायची हौस आली. हौसेला माझा विरोध नाही. माझी तक्रार साखळीबद्दल आहे. मैदानावर आल्यावर ती मालकाच्या हातात असते, पण तिचं दुसरं टोक कुत्र्याच्या पट्ट्यात नसतं. कुत्रा सुटलेला असतो. मालक बाकावर बसून मोबाइल बघत असतो. कुत्रा कुणाच्या अंगावर धावला की तो जागेवरूनच ओरडतो, “घाबरू नका, काही करत नाही तो!”

हे वाक्य बीडमध्ये ऐकू येतं, अंबाजोगाईत ऐकू येतं, पुण्या-मुंबईच्या बागांतही ऐकू येतं. मला या वाक्याचीच चीड आहे. एक तर, तो काही करत नाही हे फक्त मालकाला माहीत असतं. समोरच्या माणसाला दिसतं ते धावत येणारं तीस-चाळीस किलोचं जनावर. मालकाच्या मनातली खात्री समोरच्याच्या कामाची नाही. दुसरं म्हणजे, हे वाक्य दोष फिरवतं. चूक सोडणाऱ्याची असते, पण ओशाळतो घाबरणारा. आणि तिसरं, ‘काही करत नाही’ म्हणजे काय? चावत नाही, एवढंच ना? सत्तर वर्षांच्या माणसाच्या अंगावर कुत्र्याने लाडाने उडी मारली आणि तो पडून खुब्याचं हाड मोडलं, तर ते ‘काही’ नाही? सायकलमागे कुत्रा लागला आणि पोरगं रस्त्यावर आपटलं, तर ते ‘काही’ नाही?

आता मैदान कोण सोडतं ते बघा. धडधाकट तरुण सोडत नाही. तो दगड उचलतो, शिवी देतो आणि पुढे जातो. आजी सोडते. दम्याचा पेशंट सोडतो. ज्याला लहानपणी चावा बसलाय, तो सोडतो. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मुली सोडतात.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबा. आमच्याकडे मुलीला सकाळी फिरायला जायची परवानगी सहज मिळत नाही. अम्मीला पटवायचं, मग अम्मीने अब्बांना पटवायचं, सोबत कोण आहे ते सांगायचं, उजाडल्यावरच निघायचं. आम्ही चौघी मैत्रिणी अशीच परवानगी मिळवून शहरातल्या एका मैदानावर जायला लागलो होतो. बुरख्याचा घेर हलला की तो सुटलेला कुत्रा हमखास आमच्याकडेच धावायचा. पळालं की आणखी जोरात यायचा. एकदा आमच्यातली एक पडली, गुडघा फुटला. घरी कळलं आणि निकाल लागला: “उद्यापासून बंद. घरातच व्यायाम कर.” आता आम्ही दोघीच जातो. कुत्रा मोकळाच राहिला, बांधली गेली ती मुलगी. ‘काही करत नाही’ म्हणणाऱ्या मालकाला हा हिशेब कधी दिसत नाही.

तक्रार केली की आमच्या वाट्याला एक जादा वाक्य येतं. “हो, तुम्हा लोकांना कुत्रा चालत नाही ना!” म्हणजे नागरिकाची तक्रार एका क्षणात धर्माची तक्रार होते. मग आपल्यातले अर्धे लोक गप्प बसतात, उगाच वाद नको म्हणून. उरलेले तिथेच मसले सांगायला लागतात. दोन्ही नको.

आपल्या दीनमध्ये कुत्र्याचा द्वेष शिकवलेला नाही, हे आधी आपणच नीट समजून घेऊ. गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्रा होता, हे कुरआनच्या सूरह कहफमध्ये आहे. शिकवलेल्या कुत्र्याने पकडलेली शिकार हलाल असल्याचं सूरह माइदामध्ये आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्यात विहिरीचं पाणी भरून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. लाळेबद्दल इमामांमध्ये मतभेद आहेत. हनफी आणि शाफई मताने ती नापाक, मालिकी मताने कुत्रा पाक. रस्त्यावरून त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हेही आपल्याला शिकवलंय. मग रस्त्यावर त्रास आणून सोडणाऱ्याला काय म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण मैदानावर यातलं काहीही सांगायची गरज नाही. फजरची नमाज पढून येणाऱ्या चाचांना कपड्याला लाळ नको असते, आणि खंडेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या मावशींनाही नको असते. एखाद्याला काहीच कारण नसतं, त्याला फक्त भीती वाटते. सार्वजनिक जागेत “मला नकोय” एवढं कारण पुरेसं असलं पाहिजे. माझ्या अंगाला कुणी हात लावायचा हे मी ठरवते, मग कुणाच्या कुत्र्याने लावायचा हेही मीच ठरवणार. हा हक्क मुसलमान म्हणून नको, नागरिक म्हणून हवा. म्हणूनच तो ठणकावून मागता येतो.

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ म्हणतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी मुद्दाम किंवा निष्काळजीपणे घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात ‘चावल्यावरच’ असं लिहिलेलं नाही. ही नुसती कागदावरची गोष्टही नाही. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये पाळीव हस्की शेजाऱ्याला चावला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची कैद सुनावली. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये रॉटवायलरने एका ज्येष्ठ नागरिकाला चावे घेतले, त्याचा निकाल २०२३ मध्ये लागला आणि मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. न्याय मिळाला, पण एकाला सात वर्षं लागली आणि दुसऱ्याला तेरा. म्हणून चावा बसायच्या आधीच बोललं पाहिजे.

काही आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: “मुक्या जनावराला बांधून ठेवायचं?” नाही, त्याला फिरवायचं. साखळी धरून, सोबत चालून. कुत्र्याला धावायला जागा हवी हे खरंच आहे. शेत असेल तर शेतात सोडा. नसेल तर नगरपरिषदेकडे कुंपण घातलेली वेगळी जागा मागा, त्या अर्जावर मी पहिली सही करीन. पण मुलांच्या घसरगुंडीशेजारी ती सोय करून घेऊ नका.

दुसरा: “आधी मोकाट कुत्र्यांचं बघा, मग आम्हाला सांगा.” मोकाट कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे, मान्य. पण त्यातली काही कुत्री तुमच्याच घरून आलेली असतात. हौस फिटली की सोडून दिलेली, नसबंदी न केल्यामुळे झालेली, लस न दिलेली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली, आणि पाळीव कुत्र्याची मालकाची. खाऊ घालायची जागाही मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटांपासून दूर असावी, असं त्याच नियमांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला रस्त्यात कुठेही खाऊ घालायला मनाई केली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून मोकाट कुत्री हलवा आणि पुन्हा तिथे सोडू नका, असं सांगितलं. ज्या क्रीडा संकुलातून मोकाट कुत्रं हलवायचं, तिथे पाळलेलं मोकळं सोडायला कोणत्या तोंडाने परवानगी मागणार?

तिसरा आक्षेप आपल्याच गल्लीतून येतो, आणि त्याला उत्तर देणं मला जास्त गरजेचं वाटतं. “कशाला अर्ज-बिर्ज? विष टाका, विषय संपला.” नाही संपत. जनावराला विष घालून मारणं हा कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते जुलूम आहे, आणि वर सांगितलेल्या पाण्याच्या हदीसवाल्या उम्मतीला ते शोभत नाही. तिसरं, त्याने काही साधत नाही. मुंबईत १८३२ मध्ये इंग्रजांनी कुत्री मारायला बक्षीस लावलं, त्यावरून पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. पुढेही मुंबईत कित्येक दशकं कुत्री मारली गेली, कुत्री संपली नाहीत. याउलट गोव्यात गेल्या दशकात दरवर्षी सुमारे लाखभर कुत्र्यांना रेबीजची लस दिली गेली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित घोषित झालं. शेजारच्या राज्याला जमतं, तर आपण निदान मागायला तरी सुरुवात करू.

रेबीजची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं त्याने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा भारताचा आहे. लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही लावू नका. तावीज बांधत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. जखम रक्ताळलेली असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ते आहे का, हे गरज पडायच्या आधी विचारून ठेवा.

मग करायचं काय? भांडायला जायचं नाही, मोजायला जायचं. एक आठवडा मैदानावर नोंद ठेवा: तारीख, वेळ, किती कुत्री मोकळी, काय घडलं. माणसांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका, त्याने फक्त जातीधर्माचा तमाशा होतो. नोंदीसह मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागण्या साध्या ठेवा. दारावर मराठी-उर्दू फलक, साखळीशिवाय प्रवेश नाही, मोठ्या कुत्र्याला मुसकं, पाळीव कुत्र्यांची नोंदणी आणि लसीचा दाखला. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दोन प्रश्न टाका: गेल्या वर्षी किती कुत्र्यांची नसबंदी झाली, त्यावर किती खर्च झाला? कित्येक वर्षं नगरपरिषदांवर प्रशासक होते, जाब कुणाला विचारायचा हेच कळत नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता वॉर्डात नगरसेवक आहे. मत मागायला तो आपल्या दारी आला होता, आता आपण त्याच्या दारी जाऊ.

आणि अर्जावर सह्या घेताना एकट्या आपल्या मोहल्ल्याच्या घेऊ नका. त्या मावशींची घ्या, निवृत्त गुरुजींची घ्या, कबड्डीच्या पोरांची घ्या, आणि जो मालक साखळी धरून कुत्रा फिरवतो त्याची तर सगळ्यात आधी घ्या. असे मालक आहेत. त्यांना सलाम करा, तोंडावर सांगा की भाऊ, तुमच्यामुळे आम्हाला इथे येता येतं.

उरलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमचा कुत्रा काही करत नाही, मान्य. मग आता तुम्ही काहीतरी करा. साखळी हातात आहेच, तिचं दुसरं टोक पट्ट्यात अडकवा.