मका रांगेत उभा करू नका!

आपल्या हॉस्टेलच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत यंदा स्वीट कॉर्न लावायचं ठरतंय, हे ऐकून बरं वाटलं. पण नोटीस बोर्डवरचा प्लॅन बघितला आणि राहवेना. प्लॅनमध्ये कंपाउंडच्या कडेने मक्याची एकच लांबलचक ओळ आणि मधे लॉन. दिसायला झकास! पण कणसं निघतील ती बोळकी.

घरोघरी हेच होतं. माझी आईसुद्धा कुंपणालगत दहा-बारा झाडं ओळीत लावते. दाणे विरळ भरले की दोष बियाण्याला, नाहीतर खताला. खरा दोष भूमितीचा आहे.

मक्याच्या शेंड्यावर तुरा असतो, तो नर. खाली कणसाच्या टोकातून बाहेर येतात ते केस, ती मादी. प्रत्येक केस आत एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. केसावर पराग पडला तर दाणा, नाही पडला तर खड्डा. इतका सरळ हिशेब! (मी कॉन्व्हेंटची, ‘परागीभवन’ म्हणताना अजून जीभ अडखळते, पण गोष्ट कळली.) हे काम मधमाशी नाही, वारा करतो. पराग जड, बहुतेक सगळा जवळपासच पडतो. एकाच ओळीत वारा आडवा आला की पराग थेट लॉनवर! चौकोनात मात्र एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या कामी येतो.

म्हणून निदान चार ओळी, प्रत्येकीत चार झाडं, आणि पेरणी एकाच दिवशी. ओळींत ६० सेंटीमीटर, झाडांत २५. म्हणजे जागा किती, तर आपल्या कॉटपेक्षा थोडी मोठी. जास्त दिवस कणसं हवी असतील तर दोन आठवड्यांनी दुसरा चौकोन पेरा. घरी पाच-सहाच झाडं असतील तर सकाळी तुरा कागदावर झटकून पराग केसांवर टाकायचा.

बाकी गोष्टी त्या मानाने सोप्या. सुपरस्वीट जातीचं बी सुरकुतलेलं असतं, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. त्यात स्टार्च कमी असतो म्हणून ते तसं दिसतं. दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल पेरू नये, पाणी साचू देऊ नये. मका खादाड आहे. आधी शेणखत, मग गुडघ्याएवढा झाला की थोडा युरिया आणि बुंध्याला मातीची भर. तुरा आल्यावर पाण्याचा ताण अजिबात नको. लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तेव्हा रोज पोंग्यात डोकावून अळ्या हाताने वेचायच्या. शेजारी साधा मका एकाच वेळी फुलोऱ्यात असेल तर त्याच्या परागाने आपले दाणे पिठूळ होतात, हेही आधी बघून घ्या.

कोणी म्हणेल, गेटबाहेर उकडलेल्या कॉर्नचा कप मिळतो, मग हा उपद्व्याप कशाला? साध्या गोड मक्यातली निम्मी साखर आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका दिवसात स्टार्च होऊन जाते. सुपरस्वीट जास्त टिकतो, हे मान्य. तरी तोडल्यावर दहा मिनिटांत मेसच्या पातेल्यात पडलेल्या कणसाची चव वेगळीच. केस बाहेर आल्यापासून साधारण वीस दिवसांनी, ते वाळून तपकिरी झाले की एका दाण्याला नख लावून बघायचं. दुधासारखं आलं तर तोडा, पाणी आलं तर थांबा, कणकेसारखं झालं तर उशीर झाला.

तेव्हा रेक्टर सरांना आणि गार्डन कमिटीला विनंती : लॉन कडेला न्या, मका मधे घ्या. खुंट्या अजून ठोकलेल्या नाहीत. फक्त नोटीस बदलायची आहे.