पैसे वाचवा, दिवस वाचवू नका

मित्रांबरोबर परदेशात स्वस्तात धाडस करायचं असेल तर नेपाळसारखा देश नाही. आपल्याला व्हिसा लागत नाही आणि शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. आम्हा नोकरीतल्यांना रजेसोबत परदेशी जाण्याची परवानगी तेवढी घ्यावी लागते. शाळेतल्या तीन मित्रांबरोबर मी अन्नपूर्णा सर्किट केलं, त्यावरून झालेलं माझं मत इथे मांडतो.

काटकसरीला माझा विरोध नाही. बसने जा, स्लीपिंग बॅग भाड्याने घ्या, एका खोलीत तिघं झोपा. टी-हाऊसवाले जेवण तिथेच करणार म्हटल्यावर खोली अगदी कमी पैशांत देतात. डाळ-भात मागवला की पोटभर वाढतात. यातून वाचलेला रुपया कुणाच्या जिवावर उठत नाही.

लोक नको तिथे वाचवतात ते दिवसांत. आता बेसीसहरपासून मानांगपर्यंत जीप जाते. बेसीसहर ७६० मीटरवर, मानांग ३,५४० मीटरवर. सकाळी निघालात तर मुक्कामाला मानांग. चालण्याचे दिवस वाचले, त्यांचं जेवण आणि गाइडची रोजीही वाचली. पण पुढे थोरोंग ला ही खिंड आहे, ५,४१६ मीटर. पाय जीपमधून उतरतात, शरीर मात्र अजून खालीच असतं.

फौजेत हा हिशेब पक्का आहे. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार, त्याच्या वर पुन्हा चार. जवान कितीही तगडा असो, घाई नाही. हा नियम अनुभवातून आला. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर सखल भागातले जवान थेट उंचीवर गेले आणि आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडला. आजही जगभर त्याचा दाखला देतात.

माझ्या मित्रांचा मुद्दा नेहमीचाच होता: "आपण दर रविवारी गड चढतो, आपल्याला काय होणार?" महाराष्ट्रातलं सर्वात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. तिथे दम आणि गुडघे तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. उंची बाधायला तंदुरुस्ती आड येत नाही. उलट तगडा माणूस भराभर चढतो आणि लवकर अडकतो.

शेवटी आम्ही जीप चामेलाच सोडली, सुमारे २,७०० मीटरवर. पिसांगला एक मुक्काम, मानांगला दोन. मानांगला आमच्यातल्या सगळ्यात दणकट गड्याचं डोकं ठणकू लागलं, जेवण जाईना. विश्रांतीच्या दिवशी तो तिथेच सावरला. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मानांगला आरोग्य केंद्र आहे, तिथेही हेच सांगतात. पुढे चौघंही खिंड ओलांडून मुक्तिनाथला उतरलो. जीपच्या बेतापेक्षा तीन दिवस जास्त लागले, माणशी सुमारे आठ हजार नेपाळी, म्हणजे आपले पाच हजार. हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल लाखांत जातं, आणि ढग असले तर ते येतही नाही.

म्हणून बेत आखताना आधी दिवस मोजा, मग पैसे. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जाऊ नका. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरा. रजा कमी असेल तर खिंडीचा नाद सोडा, पोखऱ्याहून एखादा कमी उंचीचा ट्रेक करा. डोंगर कुठे जात नाही, पुढच्या रजेतही तिथेच असतो.