ठासणीची बंदूक आणि आपला माळढोक

बालमित्रांनो, जुन्या लष्करी साहेबांची एक वस्तू कधीकधी वस्तुसंग्रहालयात दिसते. पेटीतली बंदूक! पेटी ओक नाहीतर महॉगनीच्या लाकडाची, झाकणावर मालकाच्या नावाची पितळी पाटी. आत हिरवी किंवा लाल बनात लावलेली आणि कंपासपेटीत असतात तसे खण. एकात दुनळी बंदुकीच्या नळ्या, दुसऱ्यात लाकडी दस्ता. शेजारी तांब्याची दारूदाणी, छऱ्यांची कातडी पिशवी, तेलाची कुपी आणि नळी पुसायचा गज. विलायतेहून कित्येक महिने जहाजातून यायचं, मग बैलगाडीतून छावणी छावणी हिंडायचं, त्यात आपला पावसाळा! पेटी नसती तर बंदूक गंजूनच गेली असती.

ही ठासणीची बंदूक बरं का. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. पूर्वी बार उडायचा गारगोटीच्या ठिणगीने. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फॉरसाइथ नावाचे एक धर्मगुरू होते. धर्मगुरू खरे, पण बदकांच्या शिकारीचे भारी शौकीन! ठिणगीचा भपका दिसला की बदकं छर्रे पोचायच्या आत निसटायची. मग त्यांनी आघाताने पेटणारी दारू वापरायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच तांब्याची इवलीशी टोपी आली. घोडा तिच्यावर आपटला की बार! दिवाळीत टिकल्या फोडता ना, तत्त्व तेच.

आणि ‘बारा बोअर’ म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी जेमतेम बसेल एवढी नळी म्हणजे बारा बोअर. मग सोळा बोअरची नळी तिच्याहून मोठी की लहान? उत्तर पालकांना विचारू नका, स्वतः काढा!

१८१८ च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. पलीकडे नळदुर्गाच्या बाजूला निजामाची हद्द, म्हणजे आपला मुलूख तेव्हा सरहद्दीचाच. दख्खनमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना सुट्टीत करमणूक कसली? शिकारीची. आणि माळावर सगळ्यांत मोठं सावज कोणतं? माळढोक. जवळजवळ मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा.

मुंबई लष्करातले कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली. माळरानावरचा एक चंडोल आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. याच साइक्ससाहेबांनी नोंद केली आहे, की दख्खनमध्ये एका गृहस्थाने हजार माळढोक मारले. एकट्याने हजार! मला तर वाचून रागच आला. पण साहेबांनी लिहून ठेवलं नसतं, तर आपल्या माळांवर इतके माळढोक होते हे आपल्याला कळलं तरी असतं का?

आता गणित मांडा. माळढोकाची मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्री, कोल्हे, मुंगूस टपलेलेच. सगळी अंडी वाचली असं धरलं तरी एका मादीला हजार अंडी घालायला हजार वर्षं लागतील!

१९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य झालं. बंदुका थांबल्या, तरी पक्षी कमीच होत गेले. याचं कारण पेटीत सापडत नाही. माळ नांगरले गेले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरची तार त्याला नीट दिसत नाही. दिसली तरी एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. शेतकऱ्यांचंही ऐकायला हवं. अभयारण्य सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, गावंच्या गावं त्यात आली आणि जमिनीचे व्यवहार अडले. म्हणून २०१२ मध्ये ते बरंच लहान केलं. आज देशभरात माळढोक उरलेत दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. नान्नजला दिसला तर एखादाच.

नान्नज सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला आहे. सकाळी लवकर जा. काळवीट बहुधा दिसतीलच. आणि माळढोक दिसलाच, तर मला पत्र टाका. तारीख, वेळ आणि तो काय करत होता हे लिहायचं. साइक्ससाहेबांसारखं, पण बंदुकीशिवाय!